गाळाचा हिशेब : भीमा, नीरा आणि इंदापूर

१/
इंदापूर तालुक्याचा नकाशा एकदा नीट पाहा. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि आग्नेय टोकाला नीरा नरसिंहपूर येथे दोघींचा संगम. तीन बाजूंनी नदी असलेला हा तालुका इतिहासाच्या कागदपत्रांत मात्र वारंवार भेटतो तो अवर्षणाचा मुलूख म्हणून. असे का? आजचा थ्रेड या प्रश्नावर आहे. पाण्याबरोबरच, ज्याचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत सहसा होत नाही, त्या गाळावरही.

२/
आधी भूगोल थोडक्यात. भीमा उगम पावते भीमाशंकरला, सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला उतरत गेलो की अवघ्या काही तासांच्या प्रवासात आपण पर्जन्यछायेत येतो. इंदापूरचा सरासरी पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. म्हणजे इंदापूरजवळून वाहणारे पाणी हे बहुतांशी इंदापूरच्या आभाळातले नाही. ते घाटमाथ्यावरून आलेले पाहुणे आहे.

३/
दुसरी गोष्ट खडकाची. खाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. त्यात पाणी मुरते ते मुख्यतः भेगांतून आणि वरच्या कुजलेल्या मुरमातून. साठवण कमी. म्हणून पावसाळा संपला की नदीला जमिनीतून मिळणारा पुरवठा लवकर आटतो. जुलै ते सप्टेंबर दुथडी भरून वाहणारी भीमा धरणे नसतानाच्या काळात उन्हाळ्यात डोहांपुरती उरत असे. नदी जवळ असणे आणि पाणी हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथल्या माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते.

४/
पण पूर नुसते पाणी आणत नाही. तो डोंगरउतारावरची माती, मुरूम, वाळू घेऊन येतो. वेग असेल तोवर नदी जड वाळूही ओढून नेते. वेग मंदावला की आधी वाळू खाली बसते, मग बारीक रेती, आणि सर्वांत शेवटी चिकणमाती. भीमा-नीरेच्या काठची खोल काळी जमीन आणि तिच्याखाली कड्यांतून दिसणारे जुने पिवळसर थर, हे सगळे नदीने हजारो वर्षांत रचलेले आहे.

५/
किती हजार वर्षांत? याचा एक विलक्षण पुरावा बारामती तालुक्यातच आहे. मोरगाव आपल्याला मयूरेश्वरामुळे माहीत असते. त्याच मोरगावच्या परिसरात, नीरेला मिळणाऱ्या कऱ्हा नदीच्या गाळात, ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही. तसाच थर जुन्नर भागात कुकडीकाठी बोरी येथे आहे.

६/
ही राख कुठून आली? एक मत असे, की सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकाची ती राख आहे. दुसऱ्या मताप्रमाणे ती कित्येक लाख वर्षे जुनी असून हत्यारेही तितकीच प्राचीन आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचा या वादात मोठा वाटा आहे. आपल्यासाठी मुद्दा एवढाच : आपल्या अष्टविनायकाच्या ओढ्याकाठी साचलेल्या गाळाने समुद्रापारच्या उद्रेकाची नोंद जपून ठेवली. लिखित साधनांच्या कितीतरी आधीचे हे दप्तर आहे.

७/
आता माणसाकडे येऊ. भीमेच्या खोऱ्यातच, घोड नदीकाठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. तिथे बांध आणि पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट यांचे अवशेष मिळाले. पुराचे पाणी अडवून शेतीला देण्याचा तो प्रयत्न असावा असे उत्खननकर्त्यांचे मत होते.

८/
इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे उत्तर जोर्वे काळात, चित्र पालटते. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. शेती घटते, शिकार आणि पशुपालन वाढते. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. सर्वच संशोधक केवळ हवामानाला जबाबदार धरत नाहीत. तरी या खोऱ्यात पाण्याची घडी विस्कटली की घराचा आकारसुद्धा बदलतो, हे तीन हजार वर्षांपूर्वीच घडून गेले आहे.

९/
मध्ययुगातून आपण वेगाने पुढे जाऊ. दुर्गादेवीचा दुष्काळ आणि भीमेच्या खालच्या भागातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी उघडलेली धान्यकोठारे या आठवणी लोकपरंपरेत टिकून आहेत. संगमावरच्या नरसिंहपूरची आख्यायिकाही लक्षात ठेवण्यासारखी : प्रल्हादाने इथे नदीच्या वाळूची नृसिंहमूर्ती घडवली, असे श्रद्धाळू सांगतात. दोन नद्यांनी आणलेली वाळू जिथे एकत्र येते, तिथला देवही वाळूचाच असावा, यात मला फार अर्थ दिसतो.

१०/
आता १८३६. इंदापूरचे नाव भारताच्या महसूल-इतिहासात कायमचे कोरले गेले ते या सुमारास. पेशवाई संपल्यावर रॉबर्ट पिंगल (प्रिंगल) या अधिकाऱ्याने पुणे प्रांताची पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धांतावर शेतसारा ठरवला होता. कागदावर तर्कशुद्ध, जमिनीवर मात्र असह्य. सारा थकला, शेते पडीक पडली, माणसे गाव सोडू लागली. इंदापूर सर्वाधिक होरपळलेल्या तालुक्यांपैकी एक होता.

११/
तेव्हा एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट या दोघांकडे इथली फेरपाहणी आली. त्यांनी उत्पन्नाचे गूढ गणित बाजूला ठेवले आणि सरळ जमीन खणून पाहण्याची पद्धत बसवली. शेतात मातीची खोली किती? रंग-पोत कसा? दोष कोणते? यावरून प्रत ठरवायची, सारा हलका ठेवायचा आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही. पुढे मुंबई इलाख्यात पसरलेल्या रयतवारी पाहणीची ही पहिली शाळा.

१२/
१८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले. त्यातला तक्ता गाळाच्या अभ्यासकाने जरूर पाहावा. उत्तम पोताची माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. खोली पाव-पाव हाताने घटली की आणे घटत जातात. पावणेदोन हात म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर. वाळू मिसळलेली असणे, चुनखडी असणे, जमीन उताराची असणे, वाहत्या पाण्याने धुपून जाण्याचा धोका असणे, हे दोष आढळले की प्रत खाली.

१३/
म्हणजे नीट पाहिले तर सरकार काय मोजत होते? नदीने आणि ओढ्यांनी हजारो वर्षांत कुठे किती माती आणून टाकली, आणि कुठून किती धुऊन नेली, याचाच हिशेब. नदीकाठचा शेतकरी सोळा आण्यांचा आणि माळावरचा चार आण्यांचा, हा भेद निसर्गाने केलेला होता. तो वहीत उतरवून करात बदलण्याचे काम इंदापुरात झाले. आपल्या सातबाऱ्यामागच्या प्रतवारीची मुळे या खड्ड्यांत आहेत.

१४/
तीस वर्षांची मुदत संपली आणि १८६७ मध्ये फेरआकारणी झाली. वेळ मात्र वाईट होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, पुणे-सोलापूर रेल्वे १८६० पर्यंत सुरू होऊन बाजार जवळ आला होता. त्या तेजीवर नजर ठेवून इंदापूरचा सारा जवळजवळ दीडपट करण्यात आला. तेजी ओसरली, सारा राहिला. १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्यात सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात.

१५/
दंग्यांची कारणे अनेक : कर्ज, न्यायालये, भावांची घसरण, सारावाढ. पण एक गोष्ट निसटू नये. मातीची खोली तीस वर्षांत वाढलेली नव्हती. पाऊसही वाढलेला नव्हता. वाढला होता तो फक्त बाजारभाव. निमओसाड मुलखात बाजारावर बेतलेला कर किती जोखमीचा असतो, हे लगेच १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दाखवून दिले.

१६/
त्याच दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेतले गेले. भुकेल्या माणसांना मजुरी आणि पुढच्या दुष्काळापासून संरक्षण, असा दुहेरी हेतू. वीरजवळून निघून शंभराहून अधिक किलोमीटर जाणारा हा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. उन्हाळ्यात नीरा आटते, म्हणून घाटाच्या पायथ्याशी भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघर येथे धरण बांधण्यात आले. म्हणजे भूगोलाचा जो प्रश्न आपण दुसऱ्या भागात पाहिला, त्याला दिलेले उत्तर : पाहुण्याला घाटातच थांबवायचे आणि हवे तेव्हा बोलवायचे.

१७/
भाटघरच्या जुन्या धरणाची एक खुबी मला फार आवडते. त्याच्या तळाशी मोठी दारे ठेवली होती. पावसाळ्याच्या आरंभीचे पूर सर्वांत गढूळ असतात, कारण उन्हाळ्यात मोकळी झालेली माती पहिल्या सरींबरोबर येते. ते पाणी तळाच्या दारांतून जाऊ द्यायचे आणि नंतरचे निवळ पाणी साठवायचे, ही कल्पना. गाळ धरणाला भरून टाकील ही चिंता एकोणिसाव्या शतकातल्या स्थापत्यकारांना होती, हे त्यातून दिसते. पुढे १९२० च्या दशकात शेजारीच मोठे लॉइड धरण झाले आणि जुने धरण त्याच्या जलाशयात गेले.

१८/
कालवा आला आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस आला. सासवडकडचे माळी बागायतदार कालव्याच्या कडेने इथे येऊन स्थिरावले, गुऱ्हाळे उभी राहिली. पण खोल काळ्या मातीला पाणी जास्त झाले की ते खाली झिरपत नाही. भूजल वर चढते, बरोबर क्षार वर येतात, पाणी उडून जाते आणि क्षार राहतात. जी जमीन इंदापूरच्या तक्त्यात सोळा आणे ठरली असती, तीच आता चोपण होऊ लागली. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते.

१९/
या प्रश्नांच्या अभ्यासासाठी मुंबई सरकारने १९१६ मध्ये खास सिंचन विभाग काढला. क्लॉड इंग्लिस हे त्याचे प्रमुख नाव. कालव्याचे पाणी, शेताचा निचरा, मग नद्यांचा गाळ आणि पात्राचे आकार, असा अभ्यास वाढत गेला आणि त्यातूनच खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था घडली. इंग्लिस पुढे ब्रिटनच्या जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. दख्खनच्या कालव्यांवर शिकलेले धडे असे टेम्सकाठी पोहोचले.

२०/
आणि मग उजनी. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेले हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त सुमारे ५३.५, तर मृतसाठा सुमारे ६३.५. मृतसाठा उपयुक्त साठ्याहून मोठा असणे ही उजनीची खासियत आहे. जलाशयाखाली पुणे, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली अनेक गावे गेली. रेल्वेमार्गही हलवावा लागला. इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव त्यांतलेच एक.

२१/
पळसदेवचे पळसनाथ मंदिर एरवी पाण्यात असते आणि दुष्काळी उन्हाळ्यात उघडे पडते. २०२४ च्या मे महिन्यात मी ते पाहायला गेले. उजनी तेव्हा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली होती. मंदिर, वीरगळ, शिल्पे यांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. माझ्या लक्षात राहिले ते तिथे भेटलेले एक आजोबा. मी विचारले, "आजोबा, तुमचं घर कुठं होतं?" त्यांनी हात केला, पण तिथे नुसती भेगाळलेली जमीन होती. म्हणाले, "घरं मोडून लाकडं आमीच नेली, पोरी. जोती ऱ्हायली हुती. आदी पाणी हटलं की जोती दिसायची. आता त्येबी दिसत न्हाईत, गाळ चढलाय."

२२/
मी वर्गात गाळावर चार पुस्तके वाचली असतील. पण धरणाच्या पोटात काय चालले आहे ते मला त्या वाक्याने समजले. नदीचे पाणी जलाशयात शिरते तेव्हा त्याचा वेग संपतो. वाळू मुखाशीच बसते, बारीक गाळ आत पसरतो, आणि पूर्वी आलेगाव-नरसिंहपूरपर्यंत वाहून जाणारी माती आता इथे थांबते. भिगवण-कुंभारगावच्या उथळ चिखलात रोहित पक्षी येतात, तेही याच गाळाच्या आणि पाणपसाऱ्याच्या जोरावर. पाणी ओसरले की काठचे शेतकरी त्यावर गाळपेर करतात. म्हणजे गाळ केवळ शत्रू नव्हे.

२३/
तरी हिशेब उरतोच. आपण बातम्यांत 'उणे ५० टक्के' वाचतो, तेव्हा तो आकडा पाण्याच्या पातळीवरून काढलेला असतो : अमुक पातळी म्हणजे अमुक टीएमसी. पण तळ वर आला असेल तर तीच पातळी कमी पाणी दाखवते. म्हणून जलाशयाची खोली पुन्हा पुन्हा मोजावी लागते आणि तक्ते सुधारावे लागतात. मृतसाठ्यावर उन्हाळा काढणाऱ्या उजनीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे, कारण सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी त्यावर अवलंबून असते.

२४/
'मग गाळ काढून टाका' असे कोणी म्हणेल. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे आणि लहान तलावांसाठी ती उपयोगी आहे. उजनीसाठी साधे गणित करा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर. एका मोठ्या ट्रकमध्ये दहा घनमीटर धरले तर केवळ एक टीएमसी गाळासाठी २८ लाख खेपा. त्यामुळे खरा उपाय वर, पाणलोटात आहे : माती जिथून सुटते तिथेच तिला धरून ठेवणे.

२५/
धरणाखालची गोष्ट याच्या उलट आहे. वरून वाळू येणे थांबले, आणि उरलेली वाळू बांधकामासाठी उपसली गेली. पात्रातली वाळू म्हणजे नदीचा रांजण होता. पूर ओसरल्यावर तिच्यात पाणी टिकून राही, काठच्या विहिरींना पुरवठा होई. ती गेली की पात्रात उघडा खडक राहतो. ज्या संगमावर वाळूच्या देवाची कथा सांगतात, तिथल्या नदीलाच वाळूची वाण पडावी, हे आपल्या काळाचे वास्तव आहे.

२६/
सारांश सांगते. १८३६ मध्ये इंदापुरात मातीची खोली मोजली गेली, आणि त्यातून कर ठरला. १८८५ नंतर कालव्याचे पाणी मोजले गेले, आणि त्यातून ऊस, कारखाने आणि टेलच्या शेतकऱ्याची तक्रार जन्मली. नीरा डावा असो वा खडकवासल्याचा उजवा कालवा, इंदापूर शेवटच्या टोकाला, म्हणून ती तक्रार आजही जिवंत आहे. गाळ मात्र आपण फार उशिरा आणि अपुरा मोजतो. तो बातमी होत नाही, मोर्चा काढत नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांत या तालुक्याला किती पाणी मिळणार, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असेल.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्या गावाजवळ धरण असेल तर बुडालेल्या गावातल्या आजी-आजोबांना विचारा : पूर्वी पाणी ओसरल्यावर काय काय दिसायचे, आणि आता काय दिसत नाही? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. ज्या वर्षी जोती दिसेनाशी झाली, ते वर्ष हा इतिहासाचा पुरावा आहे, आणि तो सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तुमच्याकडच्या अशा आठवणी खाली जरूर लिहा. मी त्या एकत्र करते आहे.

(थ्रेड समाप्त)